जेम्सटाउनची माती निवडताना

आयुष्यभर तांदूळ निवडलेल्या बाईला पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत वेगळे काय शिकवणार, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. माझ्यापुढे एक पांढरे ताट ठेवले होते, त्यात धुऊन वाळवलेली मूठभर रेव होती, शेजारी एक बारीक चिमटा, एक मऊ कुंचला, एक लहान लोहचुंबक आणि दहा-बारा डब्या होत्या. रेव चिमट्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारत जायची आणि माणसाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट उचलून तिच्या डबीत टाकायची, एवढेच काम होते. हाडे एका डबीत, माशांची खवले दुसरीत, काच, शिशाचे छर्रे, मणी, विटेचे कण, कोळसा, जळलेली बी, टाचण्या, असे सगळे वेगवेगळे ठेवायचे. दोन तासांनी मी मान वर केली, तेव्हा ताटाचा जेमतेम चौथा भाग झाला होता.

हे ताट व्हर्जिनिया राज्यातल्या जेम्सटाउन बेटावरच्या मातीचे होते. इंग्रजांची उत्तर अमेरिकेतली टिकून राहिलेली पहिली वसाहत येथे वसली. १६०७ च्या मे महिन्यात व्हर्जिनिया कंपनीची तीन जहाजे १०४ पुरुष आणि मुलगे घेऊन जेम्स नदीतून येथवर आली आणि त्यांनी लाकडी खुंटांचा एक त्रिकोणी किल्ला उभारला. मी या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावर, रिचमंड शहरात, गेली पंचवीस वर्षे राहते आहे. निवृत्तीनंतर येथे आधी सभासद आणि मग स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. त्या कामाचा अनुभव लिहावा असे बरेच दिवस मनात होते, कारण आमच्या ओळखीतल्या मंडळींना मी तेथे खड्डे खणते असे वाटते, आणि मी आजवर एकही खड्डा खणलेला नाही.

जेम्सटाउनला मी पहिल्यांदा २००७ मध्ये गेले होते. वसाहतीला चारशे वर्षे झाल्याचे समारंभ त्या वर्षी चालू होते, सासू-सासरे भारतातून आले होते, आणि आम्ही त्यांना हौसेने तीन जहाजे, किल्ला, गवताने शाकारलेली घरे आणि जुन्या पोशाखातले लोहार-सुतार दाखवून आणले. ते सारे राज्य सरकारच्या संग्रहालयाने उभारलेले प्रतिरूप होते, खरी जागा तेथून जवळच नदीकाठच्या बेटावर आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ही चूक करणारी मी एकटी नाही. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे प्रतिरूप पाहूनच समाधानाने परततात, आणि खऱ्या जागी नेले तर थोडे हिरमुसतात, कारण तेथे सतराव्या शतकातला विटांचा एक चर्चचा मनोरा, काही पुतळे, नव्याने रोवलेले खुंट आणि दोरीने घेरलेले खड्डे यांखेरीज पाहण्यासारखे फारसे दिसत नाही. जे आहे ते मातीत आहे.

ते मातीत तरी शिल्लक आहे का, याचीच शंभर वर्षे शंका होती. बेटाचा काठ नदी खात आली होती आणि मूळ किल्ला नदीत वाहून गेला, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. १८९३ मध्ये व्हर्जिनियातल्या वास्तू वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेला चर्चच्या आसपासची साडेबावीस एकर जागा देणगी म्हणून मिळाली, आणि १९०० ते १९०१ च्या दरम्यान लष्कराच्या अभियंत्यांनी नदीकाठी काँक्रीटचा बांध घातला. उरलेल्या बेटाचा बहुतेक भाग पुढे राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आला. १९५० च्या दशकात साडेतीनशेव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने मोठे उत्खनन झाले, तरी किल्ला सापडला नाही. मग १९९४ च्या एप्रिलमध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने चर्च आणि नदी यांच्या मधल्या हिरवळीवर फावडे चालवले. त्यांचा तर्क साधा होता. जुन्या वर्णनांत चर्च किल्ल्याच्या आत आहे, तेव्हा चर्च जर जागेवर असेल तर किल्लाही तेथेच असला पाहिजे. पिवळसर मातीत एका ओळीत, एकमेकांना लागून, गोल काळपट डाग दिसू लागले. कुजून गेलेल्या खुंटांच्या जागी भरलेली ती माती होती. वसाहतीत आलेल्या विल्यम स्ट्रेची याने १६१० मध्ये किल्ल्याची नदीकडची बाजू १४० यार्ड आणि उरलेल्या दोन बाजू शंभर-शंभर यार्ड असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि डागांच्या रेषा त्या वर्णनाशी जुळत गेल्या. १९९६ मध्ये किल्ला सापडल्याचे जाहीर झाले. नदीने एक कोपरा तेवढा नेला होता. मला या हकिकतीत फावड्यापेक्षा बांधाचे मोल अधिक वाटते, कारण ज्यांनी तो घालून घेतला त्यांना आपण काय वाचवत आहोत हे माहीत नव्हते.

निवृत्त झाल्यावर मी वार्षिक सभासदत्व घेतले. त्यात प्रवेश फुकट मिळतो, एवढाच माझा व्यवहारी विचार होता. महिन्यातून एक-दोनदा जाऊ लागले. तेथे खड्ड्याच्या कडेला उभे राहिले की आत काम करणारी मुले-मुली काम थांबवून बोलतात. हे सौजन्य आहे असे मी आधी समजत होते. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे, हे नंतर कळले. लोकांसमोर खणायचे, लोक विचारतील त्याला उत्तर द्यायचे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगायचे, अशी तेथली शिस्त आहे. एकदा मी एका मुलीला विचारले की ही खणलेली माती पुढे कोठे जाते. तिने ती कशी चाळतात, चाळणीवर उरलेली रेव कशी वाळवतात आणि मग ती निवडायला माणसे कशी कमी पडतात, हे सांगितले. निवडणे हा शब्द तिने अर्थातच इंग्रजीत वापरला होता, पण माझ्या कानाला तो मराठीतच ऐकू आला. मी त्याच दिवशी स्वयंसेवकांसाठीचा अर्ज मागून घेतला.

अर्ज, थोडे बोलणे आणि एका सकाळचे माहितीसत्र, असा तो प्रवेश होता. माहितीसत्रात सर्वांत जास्त वेळ गेला तो पिशवीवरच्या क्रमांकावर. मातीची प्रत्येक पिशवी कोणत्या खड्ड्यातल्या कोणत्या थरातून आली, याचा क्रमांक तिच्यावर असतो, आणि ताटापासून डबीपर्यंत, डबीपासून पुडीपर्यंत तो क्रमांक वस्तूच्या सोबत जातो. वस्तू तुटली तर जोडता येते, पण क्रमांक हरवला तर ती वस्तू नुसती जुनी वस्तू राहते. माझा जन्म रेवदंड्याचा. तेथे पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आतच नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि पावसाळा संपला की आमच्या वाडीत मातीतून निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे वर येत. आम्ही मुली त्यांतला चपटा तुकडा ठिकरी म्हणून खेळायला घेत असू आणि खेळ संपला की कोठेही भिरकावत असू. चौलच्या बंदराशी त्या तुकड्यांचा काही संबंध असेल, हे कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. क्रमांकाचे ते व्याख्यान ऐकताना मला त्या ठिकऱ्या आठवल्या आणि थोडी शरमही वाटली. जेम्सटाउनच्या किल्ल्यातही चिनी मातीच्या लहान पेल्यांचे तुकडे निघाले आहेत. तेथे ते स्वतंत्र पेटीत आहेत.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशीच्या ताटात मला काही हिरवट, पापुद्र्यासारखे, नखाएवढे चुरे दिसले. वाळलेले शेवाळ असेल असे समजून मी ते टाकाऊ रेवेत सारले. नवख्यांची टाकाऊ रेव तेथे पुन्हा तपासली जाते. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी त्यातून सात तुकडे शांतपणे उचलून माझ्यापुढे ठेवले आणि कुंचल्याने एकाची कड साफ करून दाखवली. ते तांबे होते. घरी तांब्याचे घंगाळ असलेल्या आणि ताक कळकलेले ओळखणाऱ्या बाईला तांब्यावरचा हिरवा कळक ओळखता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले. त्या रागावल्या नाहीत, मात्र त्या दिवसाचे माझे आधीचे ताटही त्यांनी पुन्हा निवडायला दिले.

या तांब्याची गोष्ट मला नंतर कळली, आणि तिने माझी त्या किल्ल्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ज्या प्रदेशात इंग्रज उतरले तो पास्पाहेग लोकांचा होता, आणि ते पॉवहॅटन या बलाढ्य प्रमुखाच्या सत्तेखाली होते. तेथे तांब्याला मान होता, ते प्रमुखांनी अंगावर घालायचे आणि मृतांबरोबर पुरायचे द्रव्य होते. इंग्रजांनी तांब्याचे पत्रे आणले, किल्ल्यात बसून कापले आणि त्यांच्या बदल्यात मका मिळवला. माझ्या ताटातले ते चुरे म्हणजे पत्रे कापताना उरलेल्या कडा होत्या. म्हणजे जेवणासाठी हे लोक किती परावलंबी होते, याचा तो हिशेब होता. किल्ल्याच्या आत सापडलेल्या खापरांत स्थानिक बनावटीच्या, शिंपल्यांची भुकटी मिसळलेल्या मडक्यांचे तुकडे मोठ्या संख्येने आहेत. त्यांवरून आरंभीच्या काळात पॉवहॅटन बायका किल्ल्यात येऊन रांधत असाव्यात, काही राहतही असाव्यात, असे तेथले अभ्यासक मानतात. अशा बायकांची नावे कोणत्याही कागदात नाहीत.

संबंध बिघडले आणि मका थांबला, तेव्हा काय झाले याचेही पुरावे ताटात येतात. १६०९-१०चा हिवाळा तेथे उपासमारीचा काळ म्हणून ओळखला जातो. त्या हिवाळ्याच्या आरंभी सुमारे तीनशे माणसे होती, वसंतात साठेक उरली. त्या काळातल्या कचऱ्यात घोडे, कुत्री, मांजरे, उंदीर आणि सापांची हाडे निघतात, काहींवर सुरीच्या खुणा असतात. अशा थराची पिशवी निवडताना बोलणे आपोआप कमी होते. २०१२ मध्ये एका तळघराच्या भरावात, जनावरांच्या हाडांमध्येच, चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी आणि पायाचे हाड सापडले. त्यांवरच्या खुणा स्मिथसोनियन संस्थेतल्या तज्ज्ञांनी तपासल्या, आणि मृत्यूनंतर तिचे मांस काढले गेले होते हे २०१३ मध्ये जाहीर झाले. तिचे खरे नाव कळलेले नाही. संशोधकांनी तिला जेन म्हटले आहे. संग्रहालयात येणारे पुष्कळजण दारातच जेन कोठे आहे असे विचारतात. सुरुवातीला मला त्या कुतूहलाचा राग येत असे. आता मी त्यांना आधी तांब्याच्या कडांपाशी नेते आणि मग जेनकडे पाठवते, कारण एकीवाचून दुसरी समजत नाही.

माझे सर्वांत आवडते काम मात्र चिलमींचे आहे. पांढऱ्या मातीच्या इंग्रजी तमाखूच्या चिलमी ठिसूळ असत, सारख्या फुटत, आणि त्यांच्या दांड्यांचे तुकडे वसाहतीच्या जागी जिकडेतिकडे सापडतात. १९३६ पासून जेम्सटाउनला काम केलेले जे. सी. हॅरिंग्टन यांच्या लक्षात आले की दांडीचे भोक काळानुसार बारीक होत गेले आहे. १९५४ मध्ये त्यांनी ते मांडले. १६२० ते १६५० च्या काळात बहुतेक भोके एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या आठपट असतात, आणि १७५० नंतर चारपट. भोक मोजायला ड्रिल यंत्राची पाती वापरतात, त्यांवर मापे छापलेलीच असतात. एकाच तुकड्यावरून काही सांगता येत नाही, शंभर तुकडे असले तर थराचे वय अदमासे हाती लागते. मी तीन दिवस नुसती भोके मोजत बसले होते आणि मला एकदाही कंटाळा आला नाही. ही पद्धत ज्याला सुचली, तो याच बेटावर कामाला होता, याचे मला अजून अप्रूप वाटते. किल्ल्यात स्थानिक तांबूस मातीच्या चिलमीही सापडल्या आहेत. १६०८ मध्ये आलेला रॉबर्ट कॉटन हा चिलमी करणारा होता, आणि एका विहिरीच्या भरावात मिळालेल्या काही चिलमींच्या दांड्यांवर लंडनमधल्या बड्या लोकांची, वसाहतीच्या पाठीराख्यांची, नावे ठसवलेली आहेत. पैसे देणाऱ्याचे नाव वस्तूवर कोरण्याची चाल आपल्या देवळांच्या पायऱ्यांवरही आहे, तेव्हा मला ती लगेच समजली.

पैशांचा विषय निघाला आहे, तर त्याबद्दल थोडे सविस्तर सांगते. उत्खननाला देणगी मागितली की लोकांच्या डोळ्यांपुढे खणणारी माणसे येतात. मी तेथे जे पाहिले त्यावरून सांगते, खणणे हा खर्चाचा लहान भाग आहे. जमिनीतून निघालेली लोखंडी वस्तू गंजाच्या गोळ्यासारखी असते. तिची आधी क्ष-किरण तपासणी होते, मग तिच्यातले क्षार काढण्यासाठी ती महिनोन्महिने द्रावणात ठेवतात, मग बारीक भुकटीच्या झोताने गंज उतरवतात, आणि पुढे कोरड्या हवेच्या बंद कपाटात ठेवतात. ते कपाट कायम चालू ठेवावे लागते. तीस वर्षांत तेथे तीस लाखांहून अधिक वस्तू निघाल्या आहेत. खणणे थांबवता येते, पण खणून वर काढलेल्या वस्तूची काळजी थांबवता येत नाही. म्हणूनच सगळा किल्ला उकरून काढण्याची घाई तेथे कोणी करत नाही. पुष्कळ जागा मुद्दाम न खणता ठेवली आहे, आणि अभ्यास झालेले खड्डे पुन्हा बुजवतात.

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात मी आमच्या मराठी मंडळात या जतनासाठी वर्गणी मागायचे ठरवले. कार्यक्रम संपल्यावर मला दहा मिनिटे दिली होती. मी तांबे, चिलमी आणि जेन यांविषयी बोलले. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक काका उठले. ते महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात अभियंता होते, आता मुलाकडे राहतात. ते म्हणाले, "अहो ताई, ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे आपल्याला लुटले, त्यांच्या किल्ल्याला आपण वर्गणी का द्यायची? आपल्या रायगडाला द्या की." काही जण हसले, काहींनी मान डोलावली. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. रायगडालाही द्यावी, एवढेच मी कसेबसे म्हणाले. त्या दिवशी जमलेली रक्कम सांगण्यासारखी नव्हती.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो अगदी रास्त होता. मी प्रयोगशाळेतल्या ग्रंथसंग्रहात त्याचे उत्तर शोधू लागले, आणि जे सापडले त्याने मी चकित झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा १६०० मधला पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हाच १६०९ पासून दहा वर्षे व्हर्जिनिया कंपनीचा कारभार पाहत होता. एकाच लंडनच्या व्यापाऱ्याच्या हाताखाली सुरत आणि जेम्सटाउन ही दोन्ही खाती होती. १६०७ मध्ये तीन जहाजांचा ताफा येथे आणणारा कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला. जहांगिराच्या दरबारी वकील म्हणून निघालेल्या सर थॉमस रो याला १६१५ मध्ये सुरतेला घेऊन आलेल्या ताफ्यातले एक जहाज न्यूपोर्टच्या ताब्यात होते. तो १६१७ मध्ये जावा बेटावरच्या बांटमला मेला. जेम्सटाउनला कडक लष्करी कायदा लावणारा, आणि १६१६ मध्ये पॉवहॅटनची मुलगी पोकाहोन्टस हिला इंग्लंडला घेऊन जाणारा सर थॉमस डेल, त्याने नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे नेतृत्व केले, आणि १६१९ मध्ये आपल्याच पूर्व किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणला, तो वारला. व्हर्जिनियाच्या १६३५ च्या जमीन-नोंदींत तर 'टोनी, ईस्ट इंडियन' असा एक माणूस आढळतो. त्याला येथे आणल्याबद्दल आणणाऱ्याला जमीन मिळाली होती. टोनी हे त्याचे खरे नाव खासच नसणार.

या नोंदी मी एका वहीत उतरवून घेतल्या. लुटणाऱ्यांचा किल्ला आहे हे काकांचे म्हणणे खरे होते, आणि तेच मला तेथे जाण्याचे कारण वाटू लागले. सुरतेच्या वखारीत बसलेल्या लोकांनी आधी कोठे काय शिकले होते, दुसऱ्याच्या मुलखात उपाशी बसून व्यापार कसा करायचा, धाक कसा घालायचा, हे ज्या मातीत उमटले आहे ती माती माझ्या ताटात येते. इतकी वर्षे आपल्याला त्यांनी निवडले, आता आपण त्यांना निवडतो आहोत, असे मी एकदा आमच्या पर्यवेक्षक बाईंना गमतीने म्हटले. मराठीतली ती कोटी इंग्रजीत मुळीच उतरली नाही.

याच वहीत मी अँजेलाचेही टिपण केले आहे. १६१९ च्या ऑगस्टअखेर वीस-बावीस आफ्रिकी माणसांना बंदिवान करून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आणून विकले गेले. त्याच सुमारास आलेल्या ट्रेझरर नावाच्या जहाजातली अँजेला ही बाई जेम्सटाउनला कप्तान विल्यम पियर्सच्या घरी होती, असे १६२५ च्या शिरगणतीवरून कळते. तिच्याबद्दलची लेखी माहिती नावापलीकडे फारशी नाही. पियर्सच्या घराच्या जागेचे उत्खनन राष्ट्रीय उद्यान विभागाच्या सहकार्याने झाले. १६१९ च्याच जुलैमध्ये, तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावरच्या चर्चमध्ये, इंग्रजी वसाहतीतली पहिली लोकप्रतिनिधींची सभा भरली होती. शाळेची मुले आली की त्यांना या दोन्ही जागा एकाच फेरीत दाखवतात. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेतली मुले मी नेली होती, तेव्हा त्यांतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने सभेच्या जागी उभे राहून अँजेलाला मत देता येत होते का असे विचारले. मार्गदर्शकाने नाही म्हणून सांगितले आणि क्षणभर पुढे काही बोलला नाही. मला ते त्याचे न बोलणे आवडले.

मधल्या काळात पाण्याचा प्रश्न वाढला आहे. नदी येथे समुद्राच्या भरती-ओहोटीला जोडलेली आहे, समुद्राची पातळी वर येते आहे, आणि बेटाची मागची बाजू दलदलीची आहे. बांधावरून येणारे पाणी एक, आणि खालून वर चढणारे भूजल दुसरे. एका पावसाळी आठवड्यानंतर मी गेले, तेव्हा आदल्या आठवड्यात कोरडा पाहिलेला खड्डा गुडघाभर पाण्याने भरला होता आणि दोन मुले पंप लावून बसली होती. कधी ओले, कधी कोरडे असे होत राहिले की मातीतले लाकूड, चामडे आणि हाड नासते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या वार्षिक यादीत जेम्सटाउनचे नाव आले. जुन्या बांधापुढे ग्रॅनाइटचे मोठे दगड टाकून तो मजबूत करण्यात आला आहे. त्याने लाटांचा मारा कमी होतो, मात्र खालून येणाऱ्या पाण्याला दगड अडवू शकत नाहीत. सखल जागांतले खड्डे कोणते आधी खणायचे, हा निर्णय आता संशोधनाच्या प्रश्नापेक्षा पाण्याच्या पातळीवरून अधिक घ्यावा लागतो, असे तेथली मंडळी सांगतात. आमच्या ताटांवरही त्याचा परिणाम झाला आहे. सखल भागातल्या पिशव्या आता आधी निवडायला येतात.

मागच्या वसंतात मी काकांना फोन केला आणि माझ्या वहीतली स्माइथ, न्यूपोर्ट आणि डेल यांची टिपणे वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग मच्छलीपट्टणचे वर्ष त्यांनी दोनदा विचारून घेतले. पुढच्या शनिवारी ते मुलाबरोबर आले. वर्गणीबद्दल मी काही बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. चर्च, पुतळे, संग्रहालय हे त्यांनी भराभर पाहिले आणि नदीकाठी जाऊन ते बांधापाशी थांबले. दोरीपलीकडे काम करणाऱ्या मुलाला त्यांनी बांध किती खोल गेला आहे, मागचा भराव कशाचा आहे, भरतीच्या वेळी आतल्या बाजूला पाझर दिसतो का, विहिरीतली पातळी कोण मोजते आणि किती दिवसांनी मोजते, असे एकापाठोपाठ एक विचारले. त्या मुलाला अर्ध्या प्रश्नांची उत्तरे येत होती, उरलेल्यांसाठी त्याने आतून दुसऱ्याला बोलावून आणले. तासाभराने मी त्यांना शोधत गेले, तेव्हा काका वाकून काठीने मातीत भूजलाचा उतार काढून दाखवत होते आणि ते दोघे तो वहीत उतरवून घेत होते.

तेव्हापासून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्यांचा मला फोन येतो. उधाणाची वेळ ते स्वतःच पाहून ठेवतात, आणि मला एवढेच विचारतात, "ताई, खालच्या खड्ड्यात या वेळी पाणी कुठवर आले होते?"